उद्धवराव आणि बारा वॅट

निगडीच्या बस टर्मिनसपासून चार मिनिटांवर माझं लॅपटॉपचं दुकान आहे. बावीस वर्षं मी हाच धंदा करतोय, आणि एवढ्या वर्षांत प्रोसेसरच्या स्पेसिफिकेशनचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. बाकीचे रंग विचारतात, वजन विचारतात, "हँग तर होणार नाही ना?" असं विचारतात आणि बॅग फुकट मिळणार याची खात्री करून घेतात. मी स्वतः तो कागद वाचतो असा माझा समज होता. तो उद्धवरावांनी मोडला, आणि खरं सांगायचं तर त्यासाठी आधी मी त्यांच्यावर चिडलोही होतो.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. दुकानात एक बुटके, रुंद मनगटांचे गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या पुढे, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, चष्म्याला दोरी. डाव्या तर्जनीचं टोक नव्हतं. अशी बोटं आमच्या भागात पुष्कळ दिसतात, त्यामुळे माणूस प्रेसवर काम केलेला आहे हे न विचारताच कळलं.

"डायचं थ्रीडी मॉडेल उघडायचंय," ते म्हणाले. "कंचा लॅपटॉप लागंल?"

डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. गाडीचा दरवाजा, बॉनेट, आतल्या पट्ट्या, सगळं अशा साच्यांत दाबून निघतं. एकेका साच्यात तीनतीनशे, चारचारशे भाग असतात, आणि त्याचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल उघडायचं म्हणजे मशीनला चांगलाच घाम फुटतो. मी सवयीनं काचेमागचा सगळ्यात महागडा लॅपटॉप काढला. "याला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. तुमच्या कामाला हाच."

त्यांनी किंमत बघितली आणि त्या लॅपटॉपकडे पुन्हा पाहिलं नाही. अर्धं बोट खालच्या फळीकडे गेलं. "आन् ह्यो?"

तो मधल्या किमतीतला होता. दहा कोअरचा प्रोसेसर, त्यातले दोन दमदार आणि आठ काटकसरी, आणि ग्राफिक्स त्याच्याच पोटात. "यात ग्राफिक्स इंटिग्रेटेड आहे," मी म्हणालो. "म्हणजे घरजावई. स्वतःची मेमरी नाही, प्रोसेसरच्याच ताटात जेवतो. ऑफिसचं काम, सिनेमा, पोरांचा अभ्यास, याला ठीक. डायबिय विसरा."

हा विनोद मी दिवसातून तीनदा करतो आणि गिऱ्हाईक हसतं. उद्धवराव हसले नाहीत. "कागद हाय का ह्याचा?" एवढंच म्हणाले.

बला टळावी म्हणून मी प्रोसेसरचा अख्खा कागद छापून दिला. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. एक तास बसले. मधे मी दोन प्रिंटर आणि एक माऊस विकला. मग ते उठून काउंटरशी आले आणि पट्टीचं टोक कागदावर ठेवून म्हणाले, "हितं येगाचे दोन आकडे हायेत. एक पूर्णांक तीन आन् चार पूर्णांक चार. खरा कंचा?"

"दोन्ही खरे. पहिला कायमचा. दुसरा जोर लागला की तेवढ्यापुरता. मग तापतो आणि खाली येतो."

"मोटरीच्या पाटीवर आसतंय तसंच की. कायमचं किती आन् घटकाभराचं किती." त्यांनी माझ्या काचेकडे पाहिलं. तिथे मी लाल अक्षरांत ४.४ चिकटवलेलं होतं. "तुमी घटकाभराचाच तेवढा ल्हिलाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळे हेच लिहितात, असं मी सांगितलं. त्यांनी कागदाची नीट चार घड्यांची घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेले. गेले ते बरं झालं, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत ते शटरपाशी उभे होते. कागदावर शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या एका तळटिपेखाली, पेन्सिलीनं रेघ मारलेली. "मुलीकडून अर्थ लावून घेतला," ते म्हणाले. "ह्याच्यात म्हणत्यात, ग्राफिक्स पुरं चालायचं आसंल तर मेमरीच्या पट्ट्या दोन पायजेत. एक आसली तर त्यो अर्ध्यावर चालतो. तुमच्या ह्या लॅपटॉपात किती हायेत?"

एक होती. मी तो लॅपटॉप तीन महिने विकत होतो, एकाच पट्टीसकट, आणि वर सगळ्यांना सांगत होतो की घरजावई तो घरजावई. तळटीप मी कधी वाचलीच नव्हती. मी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला, दुसरी पट्टी बसवली आणि चाचणी लावली. ग्राफिक्सचा आकडा जवळजवळ दुपटीला जाऊन थांबला. उद्धवराव तो आकडा बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"जावयाचं काय चुकलं न्हवतं," ते म्हणाले. "घरात धान्य कमी होतं."

त्यांनी लॅपटॉप घेतला. त्या दिवशी चहा मी मागवला, आणि चहावर त्यांची सगळी हकिगत कळली.

उद्धवराव मूळचे लातूरकडच्या निलंगा भागातले. आयटीआय करून आले ते चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये लागले आणि अठ्ठावीस वर्षं तिथेच राहिले. काम एकच: डाय दुरुस्त करायची. पत्रा फाटतोय, सुरकुत्या पडतायत, भोक सरकतंय, मग उद्धवरावांना बोलवा. ते तुकडा हातात घेणार, त्यावरून अंगठा फिरवणार आणि डायमध्ये नेमकं कुठे दुखतंय ते सांगणार. जूनमध्ये कंपनीनं टूलरूम बंद केली. आता डाय बाहेरून तयार होऊन येतात. हिशोब चोख मिळाला, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार पुढच्या आयुष्याची होती. त्यांच्याच टूलरूममधले रंगराव, पाव मिलिमीटरचा दहावा हिस्सा हातानं घासून काढणारा माणूस, आता प्राधिकरणातल्या एका सोसायटीच्या गेटवर निळा शर्ट घालून गाड्यांचे नंबर लिहितात.

"गेटवर उभं ऱ्हायला लाज कसली हो," उद्धवराव म्हणाले. "पर माझ्या हातात डाय हाय. ती मेल्याबिगर मी गेटवर जानार न्हाई."

त्यांना स्वतःच्या जिवावर डाय दुरुस्तीची कामं घ्यायची होती. चाकण, भोसरी, तळवड्यात शेकड्यांनी लहान प्रेसशॉप आहेत, डाय सगळीकडे बिघडतात. पण जिथे जावं तिथे मालक विचारी, मॉडेल उघडता येतं का? कागदावरची ड्रॉइंग आता कोणी काढतच नाही. माप हवं असेल तर ते मॉडेलमध्ये. मॉडेल येत नसेल तर नमस्कार, चहा घेऊन जा.

मग उद्धवराव त्रेपन्नाव्या वर्षी आकुर्डीतल्या एका क्लासमध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकायला लागले. रुपीनगरहून सकाळी बसनं यायचे. वर्गात सगळी विशीची पोरं, काका काका करून त्यांना पुढच्या बाकावर बसवायची. माऊस त्यांच्या हातात बसेना. ते तो लोखंड घासायच्या फाइलीसारखा घट्ट धरायचे आणि चित्र भलतीकडेच फिरायचं. क्लास सुटला की येताना माझ्याकडे डोकवायचे, आज काय जमलं आणि काय जमलं नाही ते सांगायचे. जमलेल्याचं एक वाक्य असायचं आणि न जमलेल्याची दहा. दुसऱ्या दिवशी ती दहा घेऊन ते सगळ्यांच्या आधी वर्गात हजर. माझ्या मुलात याच्या निम्मी चिकाटी असती तर मी त्याच्या नावानं एवढा खडे फोडत बसलो नसतो.

महिनाभरात हात बसला. आणि नवरात्रात त्यांना पहिलं बोलावणं आलं. म्हाळुंग्याच्या पुढे धनेश नावाच्या तरुण मालकाचं प्रेसशॉप होतं. त्याच्या एका डायवर महिनाभर तुकडा एकाच कोपऱ्यात फाटत होता. त्याचे इंजिनिअर हरले होते, डाय बनवणारे येऊन हात हलवत परत गेले होते. धनेश म्हणाला, दसऱ्यानंतरच्या गुरुवारी या. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, प्रेस मोकळा असतो. जमलं तर पुढची कामं तुमची. नाही जमलं तर पुन्हा फोन करू नका.

सोमवारी खंडेनवमी होती. ज्यांनी या भागात खंडेनवमी पाहिली नाही त्यांना सांगतो, त्या दिवशी आमच्याकडे मशीन चालत नाही, मशीनची पूजा होते. आदल्या दिवसापासून प्रत्येक मशीन धुऊनपुसून, एअरगननं कानाकोपऱ्यातली धूळ आणि बुरादा उडवून लख्ख करायचं, मग झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. अठ्ठावीस वर्षं उद्धवरावांनी आपल्या प्रेसला माळ घातली होती. या वर्षी त्यांना कंपनी नव्हती. म्हणून ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जयसिंगच्या तळवड्यातल्या वर्कशॉपवर गेले, स्वतःची हत्यारं घेऊन. पट्टी, मायक्रोमीटर, फाइली, हातोडी, आणि सोबत लॅपटॉप. तोही आता हत्यारच होता.

आणि पूजेआधी त्यांनी तेच केलं जे कुठल्याही टूलरूमवाल्यानं केलं असतं. हत्यार स्वच्छ करायचं म्हणून एअरगन उचलली आणि लॅपटॉपच्या जाळीत सहा बारच्या दाबानं हवा मारली. आतला एवढासा पंखा भिंगरीसारखा फिरला, किंचाळला आणि त्याची बेअरिंग गेली. वर कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेलपाणी आत गेलं ते वेगळंच.

दसऱ्याला माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत उद्धवराव आले, बरोबर त्यांची बायको यशोदाबाई. झेंडूची पाकळी अजून लॅपटॉपच्या बिजागरीत अडकलेली होती. काय झालं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. मी कपाळाला हात लावला.

"एअरगन? उद्धवराव, लॅपटॉपला एअरगन?"

"सवय," ते म्हणाले.

मी उघडून पाहिलं. तेल पुसलं, बाकी सगळं ठीक होतं, पंखा मात्र गेला तो गेलाच. नवा मागवायला पंधरा दिवस. पंख्याशिवाय चालू केला की प्रोसेसर मिनिटाभरात शंभर अंशांवर जायचा, आणि मग स्वतःचा जीव वाचवायला वेग इतका खाली आणायचा की बाणसुद्धा स्क्रीनवर अडखळत चालायचा. दुसरा लॅपटॉप देतो म्हटलं, तर सॉफ्टवेअरचं लायसन याच मशीनला बांधलेलं, बदलून मिळायला आठवडा. मी सरळ सांगितलं, "धनेशला फोन करा आणि दोन आठवडे पुढे ढकला."

"त्यो थांबनार न्हाई. त्याला शनवारी माल द्यायचाय. दुसऱ्याला बोलवंल."

यशोदाबाई पुढे झाल्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, कालपासनं ह्यांनी घास गिळला न्हाई. काही तरी सांगा. रंगरावभाऊजी काल घरी येऊन गेले. त्यांच्या सोसायटीत एक जागा हाय म्हणून सांगायला आलते."

बिल घेऊन चार गिऱ्हाइकं मागे उभी, आणि मी त्या माणसाकडे बघत होतो. चूक त्यांची होती आणि राग मात्र मला माझाच येत होता, कारण लॅपटॉपला हवा मारू नका हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगत नाही. कोण मारतो?

उद्धवरावांनी खिशातून तोच कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता. पट्टी एका ओळीवर ठेवली. "हे बगा. पंधरा वॅट हे कायमचं. पंचावन्न हे घटकाभराचं. आन् ह्याच्याखाली हे बारा वॅट काय हाय? किमान म्हणतंय."

ती ओळ मी पाहिली होती, पण तिचा उपयोग कधी कोणाला झालेला मी पाहिला नव्हता. प्रोसेसर बनवणाऱ्यानं दिलेली ती खात्री असते: विजेची मर्यादा इतकी खाली बांधली तरी तो व्यवस्थित चालेल, फक्त हळू. पातळ, बिनपंख्याच्या मशीनसाठी ती सोय. मी समजावून सांगितलं.

"मंग बांधा त्याला बारावर."

"बांधतो. पण बारा वॅटची उष्णता तरी बाहेर गेली पाहिजे ना. पंखा नाही."

"ती मी काढतो," उद्धवराव म्हणाले. "तुमी फकस्त बांधा, आन् खालचं झाकण काढून द्या."

बुधवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. जयसिंगच्या वर्कशॉपवर दिवसभर बसून त्यांनी लॅपटॉपच्या मापाचा ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा तयार केला होता, खालच्या बाजूला खाचा पाडलेल्या, वर प्रोसेसरच्या तांब्याच्या पट्टीला टेकेल असा उंचवटा. डाय जुळवताना निळा रंग लावून कुठे टेकतंय आणि कुठे नाही ते बघतात, तसं त्यांनी या ठोकळ्याला निळा लावून पाहिलं होतं आणि टेकेल तिथे टेकेपर्यंत हातानं घासलं होतं. मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट मी लावली, लॅपटॉप त्यावर बसवला. बारा वॅटवर चालू केला. अर्ध्या तासानं तापमान सत्त्याऐंशीवर येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. वेग एक पूर्णांक तीनच्या आसपास. घटकाभराचा आकडा आता या मशीनला नव्हताच, राहिला होता तो कायमचा.

गुरुवारी माझंही दुकान बंद असतं. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. मदत करायला गेलो असं मी घरी सांगितलं, पण माझ्या दुकानातला लॅपटॉप भर प्रेसशॉपमध्ये दगा देतो की काय, ही धास्ती मला घरी बसू देत नव्हती. तळवड्याहून म्हाळुंग्यापर्यंत ट्रेलरच्या मागे ट्रेलर. उद्धवरावांनी मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी हत्यारांची पेटी धरली होती. वाटेत ते एकदाच बोलले. "हे न्हाई जमलं तर मंग डाय मेली आसं समजायचं."

धनेश तीस-बत्तिशीचा असेल. ठोकळ्यावर बसवलेला, पोट उघडं पडलेला लॅपटॉप बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "काका, वर ऑफिसात मोठा कॉम्प्युटर आहे. तिथे बसता का?"

"वर तुमची पोरं महिनाभर बसली की. डाय खाली हाय. मी खालीच बसतो."

प्रेसशेजारी लाकडी खोक्यावर त्यांनी लॅपटॉप मांडला. धनेशनं पेन ड्राइव्ह दिला. चारशे बारा भागांची डाय. उद्धवरावांनी उघडायला लावली आणि किती उघडली ते दाखवणारी स्क्रीनवरची हिरवी पट्टी आम्ही तिघे बघत उभे राहिलो. वीस टक्के. तीस टक्के. मेमरी भरत आली. चाळीसच्या पुढे ती थबकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तापमान नव्वदच्या पुढे गेलं. धनेशनं मोबाइल काढून वेळ पाहिली, मग दुसऱ्यांदा पाहिली. मी हळूच म्हणालो, "उद्धवराव, वरच्या कॉम्प्युटरवर..."

त्यांनी मॉडेल उघडणं मधेच बंद केलं. मला वाटलं, संपलं. ते उठले आणि खोक्यातला फाटलेला तुकडा उचलला. उजेडाकडे तिरपा धरला, अंगठा भेगेवरून फिरवला, मग भेगेच्या मागे, मग कडेच्या पत्र्यावर. कडेला एका बाजूला पत्रा घासून चमकत होता. त्या चमकेवर त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला.

"हितं पत्रा आवळून धरलाय," ते म्हणाले. "सरकू दिना. मंग फाटंल न्हाई तर काय करंल." लॅपटॉपशी येऊन बसले. "मला चारशे बारा कशाला लागत्यात? पत्रा धरनारी चौकट, पत्रा दाबनारा मधला पंच, आन् त्या चौकटीखालचे चार ठोकळे. सहा पार्ट उघडतो."

भागांच्या यादीत त्यांनी सहा नावांपुढे खुणा केल्या. माऊस हलक्या हातानं धरला होता. बारा वॅटवर बांधलेल्या त्या प्रोसेसरनं सहा भाग मी डोळे चोळेपर्यंत समोर ठेवले. उद्धवरावांनी ते फिरवले, वर केले, खालून पाहिले. चित्र कुठे अडलं नाही.

चार ठोकळे म्हणजे चौकट पत्र्यावर किती दाबली जाईल ते ठरवणारे पाय. डायचा तळ पायऱ्यापायऱ्यांचा, त्यामुळे चारही ठोकळे वेगवेगळ्या उंचीचे. एकाची दुसऱ्याशी तुलना करून काही कळणार नव्हतं, खरी उंची फक्त मॉडेलला ठाऊक. उद्धवराव एकेकाची उंची स्क्रीनवर मोजायचे, पेन्सिलीनं लिहायचे, मग मायक्रोमीटर घेऊन डायमध्ये अर्धे आत जायचे. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. धनेशनं निःश्वास सोडला तो मला ऐकू आला.

चौथा, फाटणाऱ्या कोपऱ्यातला. मॉडेलमध्ये बासष्ट पूर्णांक चाळीस. उद्धवराव डायमधून बाहेर आले, चष्मा पुसला, पुन्हा आत गेले आणि पुन्हा मोजला. "बासष्ट पंधरा," ते म्हणाले. "कुणी तरी दुरुस्तीत काढला आन् साफ करायला ग्राइंडरवर धरला. पाव मिलिमीटर गेला."

त्या ठोकळ्याखाली त्यांनी पाव मिलिमीटरचा पत्र्याचा तुकडा कापून ठेवला. धनेशनं प्रेस चालू केला. पहिला तुकडा निघाला. भेग गेली होती, पण तिच्या जागी केसाएवढी बारीक रेघ होती. धनेशचं तोंड उतरलं. "आता तर मॉडेलप्रमाणे झालं की काका."

"मॉडेलनं जागा दावली. आता माझं ऐकायचं." त्यांनी ठोकळ्याखाली आणखी पाच शतांश मिलिमीटरचा पातळ पत्रा सरकवला. दुसरा तुकडा निघाला. उद्धवरावांनी अंगठा फिरवला आणि तो धनेशच्या हातात दिला. धनेशनं तो उजेडात धरला, उलटा केला, नखानं ओरखडून पाहिला. मग तिसरा काढला, चौथा काढला. असे वीस काढले. वीसही स्वच्छ. माझे डोळे भरून आले, आणि मी तसा रडका माणूस नाही.

"काका," धनेश म्हणाला, "सोमवारपासून या. टूलरूमला सुपरवायझर म्हणून घेतो. पगार तुम्ही सांगा."

मी मनात म्हटलं, सुटले. पण उद्धवराव चिंधीला हात पुसत राहिले, एकेक बोट. "नोकरी न्हाई करायची आता," ते म्हणाले. "एकदा केली. डाय बिघडली की बोलवा, त्या दिवशी येतो. दुरुस्त करून जातो."

धनेशला ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. तो जिना चढून ऑफिसात गेला. मला उद्धवरावांचा असा संताप आला की काय सांगू. हातात आलेलं पक्कं ताट लाथाडलं या माणसानं. ते पेटी भरत होते, आणि मायक्रोमीटर त्यांनी आधी फाइलींत ठेवला, परत काढला आणि मग त्याच्या डब्यात ठेवला. तेव्हा माझा संताप ओसरला.

दहा मिनिटांनी धनेश खाली आला. हातात एक फॉर्म होता, बाहेरून काम देताना भरतात तो. खोक्यावर टेकवून त्यानं पेन काढलं. "अजून तीन डाय आहेत माझ्या. मंगळवारी पहिली बघा. फर्मचं नाव सांगा."

अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न आला की उद्धवराव कंपनीचं नाव सांगत आले होते.

"उद्धव भिवा सोमवंशी," ते म्हणाले.

"हे तुमचं नाव झालं. फर्मचं?"

"तेच ल्ह्या."

धनेशनं तेच लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी त्यांच्याकडे सरकवला.